बाटल्या भरून पीएचडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

'पर्यावरणशास्त्रात पीएचडी करायची तर' या माझ्या मागच्या लेखावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खाली नाव नाही, 'एक संशोधक' एवढंच. थोडक्यात सांगते. प्रवेशाला आता नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण धरतात, ते मी लिहिलं नाही. जुन्या नियमात दोन शोधनिबंध लागत असं लिहिलं, ते चूक. नोकरी करून पीएचडी करणाऱ्यांचा विचारच केला नाही. आणि शेवटी हे : "ताई, तुमच्या विषयात विहिरीवर जाऊन बाटल्या भरायच्या, तक्ते करायचे, झाली पीएचडी. आधी नियम वाचा, मग पोरांना शिकवा."

चूक झाली ती झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमात प्रबंध देण्याआधी एकच शोधनिबंध लागायचा. २०१६मध्ये त्याला परिषदांतली दोन सादरीकरणं जोडली. २०२२च्या नियमांनी तर निबंधाची सक्तीच काढली. माझ्या डोक्यात 'दोन' कुठून बसलं कोण जाणे. दुरुस्त केलंय, आभार.

पण साहेब, हे 'ताई' काय? आमच्या परभणीत ताई म्हणतात ते मायेनं. तुमचं ऐकून चहा टपरीवरच्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. नियमांवर बोलायचं तर नावानिशी बोला की.

आता बाटल्या. मी ३६ विहिरींचं पाणी घेतलं, दर वर्षी दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर. सासरे मोटारसायकल चालवायचे, मी मागं थर्माकोलचा डबा मांडीवर धरून बसायचे. डब्यात बर्फ, कारण पाणी गार ठेवलं नाही तर त्यातले जंतू नायट्रेटचं (खत, शेण, सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या क्षाराचं) प्रमाण बदलून टाकतात, आणि माझा विषयच नायट्रेट होता. बाटली आधी त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळायची. सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते) आणि तापमान काठावर उभं राहूनच मोजायचं, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन्ही बदलतात. गावातली माणसं विचारायची, टँकर कधी येणार? मी टँकरवाली नाही, हे पटवण्यात अर्धा तास जायचा. एक म्हातारी म्हणाली, "पाणी तर गोड हाय की बाई." गोडच होतं. नायट्रेटला चव नसते. त्या विहिरीत ते पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरंच वर होतं. जवळच उकिरडा होता.

मग प्रयोगशाळा. पाण्याचा कठीणपणा (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजताना लालसर रंगाचा निळा होईपर्यंत रसायन थेंब थेंब सोडायचं, एक थेंब जास्त पडला की नमुना पुन्हा. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट. त्याचे काळे डाग बोटांवर घेऊन मी नणंदेच्या हळदीला गेले होते. आणि तुम्ही ज्याला 'तक्ते करायचे' म्हणता ना, त्या तक्त्यात धन आयनांची आणि ऋण आयनांची (पाण्यात विरघळलेल्या धन आणि ऋण विद्युतभाराच्या कणांची) बेरीज जुळावी लागते. फरक पाच टक्क्यांच्या आत नसला तर कुठंतरी चुकलंय. घरी बसून आकडे टाकणारा सहसा इथंच सापडतो.

मे २०१४च्या तक्त्यात माझ्या ११ विहिरींची बेरीज जुळेना. मार्गदर्शकांनी वही परत केली. तोवर जून लागला, पाऊस पडला, पावसाआधीचं पाणी गेलं. वर्षभर थांबले. मे २०१५मध्ये गेले तर त्यातल्या चार विहिरी कोरड्या. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. प्रबंधात त्या चार रकान्यांत 'कोरडी' असं लिहिलंय, आणि मौखिकीला बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला. हे सगळं कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं, म्हणून तर मी तो लेख लिहिला होता. असो.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, अभ्यासक्रमाचे निदान १२ श्रेयांक (क्रेडिट), पदव्युत्तरला ५५ टक्के, हे मी लिहिलंच होतं. तुम्ही बहुधा शेवटपर्यंत वाचलं नाही. जून २०२४पासून प्रवेशाला नेटचे गुणही धरतात, बरोबर आहे. ते विद्यापीठाच्या जाहिरातीत येतंच, ज्याला फॉर्म भरायचा तो बघतो. नोकरीवाल्यांबद्दल म्हणाल, तर अर्धवेळ पीएचडीला नियमात जागा आहे, कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणा. मीही तासिका तत्त्वावर शिकवत शिकवतच केली. ज्यांना तेवढीही सवड नाही त्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडं मागू नका.

'दोन'चं 'एक' केलंय. बाकी लेख आहे तसाच राहील. तुमची प्रतिक्रियाही काढणार नाही, 'ताई'सकट राहू द्या.