दोनशे मैलांच्या अँटेनाला साडेतीन कळसूबाई लागतात

आमच्या सेंट्रल जर्सीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्याभरात एकच मजकूर चार वेळा येऊन गेला. थोडक्यात असा: ‘केबल कंपन्या जे लपवतात ते जाणून घ्या! लष्करी तंत्रज्ञानाचा, कागदाइतका पातळ अँटेना खिडकीच्या काचेला चिकटवा. २०० मैलांपर्यंतचे सगळे चॅनेल फोर-केमध्ये, अजिबात कॉम्प्रेस न केलेलं चित्र, आयुष्यभर फुकट. सोबतच्या बूस्टरमुळे कमजोर सिग्नलही दणदणीत. कुठलीही सोसायटी अडवू शकत नाही. भारतातही चालतो, आईबाबांना पाठवा!’ आणि खाली खरेदीची लिंक.

मी गेली दहा वर्षं घरी अँटेनावरच टीव्ही बघतो, आणि म्हणूनच हा मजकूर मला जास्त चिडवतो. अँटेना ही खरी आणि चांगली गोष्ट आहे. पण लोक हा कागद मागवतात, काचेला लावतात, सात-आठ चॅनेल अडखळत दिसतात, आणि मग ‘अँटेना म्हणजे नुसती फसवणूक’ असं म्हणत पुन्हा केबलचं बिल भरायला लागतात.

तर आधी ते २०० मैल. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे एका अंतरानंतर मनोरा क्षितिजाखाली बुडतो. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. मनोऱ्याच्या उंचीचं वर्गमूळ घ्या, आपल्या अँटेनाच्या उंचीचं घ्या (दोन्ही मीटरमध्ये), बेरजेला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हवेमुळे लहरी किंचित खाली वाकतात, तेही यात धरलेलं आहे. न्यूयॉर्कचे बरेच चॅनेल वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या शेंड्यावरून निघतात. त्याचं टोक ५४१ मीटरवर. आपल्या दुमजली घराचं छप्पर धरू ९ मीटर. उत्तर येतं १०८ किलोमीटर, म्हणजे ६७ मैल. तेही मध्ये टेकडी नाही, झाड नाही, इमारत नाही असं समजून.

आता उलटा हिशेब करा. २०० मैल म्हणजे ३२२ किलोमीटर. एवढ्या लांबून त्याच छपरावर सिग्नल यायचा तर मनोरा ५,६०० मीटरहून उंच हवा. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ साडेतीन कळसूबाई एकावर एक रचायचे आणि वर ट्रान्समीटर ठेवायचा. अँटेनाच्या खोक्यावर मैल छापण्यात मुळात अर्थच नाही. अंतर ठरतं ते दोन्हीकडच्या उंचीवर, मधल्या जमिनीवर आणि पाठवणाऱ्याच्या ताकदीवर.

याला एक अपवाद आहे आणि तो गमतीचा आहे. उन्हाळ्यात समुद्रावर गरम हवेचा थर थंड हवेवर बसला की लहरी त्या थराखाली अडकून शेकडो किलोमीटर घसरत जातात. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर पूर्वी अधूनमधून समुद्रापलीकडचे चॅनेल उमटायचे, त्याच्या आठवणी सांगणारे आजही भेटतात. पण त्या भरवशावर कुणी केबल बंद करत नाही.

लांबच्या सिग्नलची आणखी एक गोम आहे. जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी मॅच कळायची. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. सिग्नल एका पातळीच्या वर आहे तोवर चित्र झकास. त्याखाली गेला की चौकोन चौकोन, आणि मग काळा पडदा. त्यामुळे ‘थोडंसं दिसेल, चालवून घेऊ’ हा आपला जुना बाणा इथे चालत नाही.

‘लष्करी तंत्रज्ञान’ हे वाचून मला हसू आलं. घरावरच्या, काड्या काड्या असलेल्या अँटेनाची रचना १९२६ सालची आहे, जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांची. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर आपल्या गच्च्यांवर जे अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे उगवले ते त्याच घराण्यातले. तो काचेवरचा कागद मात्र त्याहून साधा आहे: प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये धातूचे दोन पातळ तुकडे.

आणि त्या कागदाचा खरा दोष पातळपणात नाही, रुंदीत आहे. अँटेना साधारण अर्ध्या लहरीएवढा असला की सिग्नल नीट पकडतो. यूएचएफ पट्ट्यात, म्हणजे १४ ते ३६ या चॅनेलांवर, अर्धी लहर २५ ते ३२ सेंटिमीटर भरते. फूटभर कागदाला ती जमते. पण एबीसी नेटवर्कचं न्यूयॉर्कचं स्टेशन डब्ल्यूएबीसी खरोखरच ७ नंबरवर, व्हीएचएफ पट्ट्यात पाठवतं. तिथे अर्धी लहर ८५ सेंटिमीटर. एबीसीचंच फिलाडेल्फियाचं स्टेशन डब्ल्यूपीव्हीआय ६ नंबरवर, अर्धी लहर पावणेदोन मीटर! ‘बाकी सगळं दिसतं, एबीसीच का येत नाही?’ हा प्रश्न मला दर दिवाळी पार्टीत कुणीतरी विचारतंच. उत्तर हेच. पडद्यावरच्या नंबरावर मात्र जाऊ नका. सीबीएस स्वतःला २ म्हणवतं, पण हवेतून येतं ३६ वर. जुना नंबर नुसता पाटीसारखा लावलेला असतो.

‘फोर-के अँटेना’ असं काही नसतं. नळाच्या तोटीवर ‘आरओ’ लिहिलं म्हणून पाणी शुद्ध येत नाही. अँटेनाला चित्राचं काही कळत नाही, तो फक्त लहरी गोळा करतो. इथल्या चालू पद्धतीत, म्हणजे एटीएससी १.० मध्ये, एबीसी आणि फॉक्स ७२० ओळींचं चित्र पाठवतात, सीबीएस आणि एनबीसी १०८० ओळींचं. फोर-के वाहून नेऊ शकणाऱ्या एटीएससी ३.० या नव्या पद्धतीला एफसीसीने (अमेरिकेतल्या प्रसारणाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१७ मध्ये परवानगी दिली, पण ती स्टेशनांच्या मर्जीवर आहे. त्यासाठी टीव्हीत किंवा बाहेरच्या डब्यात वेगळा ट्यूनर, म्हणजे लहरींतून चित्र काढणारा भाग, लागतो, आणि त्यातही काही स्टेशनं सिग्नलला कुलूप लावून पाठवतात. अँटेना मात्र तोच, कौलारू घरावर होता तोसुद्धा चालेल.

‘कॉम्प्रेस न केलेलं चित्र’ हा दावा शिकलेसवरलेले लोकही करतात, म्हणून आकडा सांगतो. कच्च्या एचडी चित्राला सेकंदाला साधारण दीड अब्ज बिट लागतात. एका स्टेशनाच्या वाट्याला येतात १ कोटी ९४ लाख. म्हणजे माल निदान पंचाहत्तर पट दाबूनच आत कोंबलेला असतो, आणि त्यातच जुन्या मालिकांचे, खरेदीचे चार-पाच उपचॅनेलही बसवलेले असतात. दाव्यामागे खरी गोष्ट एवढीच की केबलवाले बऱ्याचदा हेच चित्र पुन्हा एकदा दाबतात, म्हणून अँटेनावरचं शेजारी ठेवून पाहिलं तर उजळ वाटतं. मलाही वाटतं.

बूस्टर. कोकणातल्या घरांत पूर्वी हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा. बूस्टर सिग्नल वाढवतो आणि सिग्नलमधला कचराही तेवढाच वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. जे अँटेनाला मिळालंच नाही ते तो कुठून आणणार? त्याचं खरं काम वेगळं आहे. छपरापासून तळघरापर्यंत शंभर फूट वायर ओढली तर यूएचएफ सिग्नल वाटेतच निम्म्याहून कमी उरतो. तो वाटेत जाऊ नये म्हणून बूस्टर अँटेनाजवळ, वायरीच्या सुरुवातीला लावायचा. त्या पाकिटातला बूस्टर येतो टीव्हीच्या मागे लावायला, म्हणजे नेमका चुकीच्या टोकाला. आणि मनोऱ्याजवळ, जर्सी सिटीसारख्या ठिकाणी राहत असाल तर तो लावून उलट बिघडतं. ट्यूनर ओव्हरलोड होतो आणि असलेले चॅनेल जातात.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, कारण ग्रुपवर तेच विचारलं गेलं. काचेवरचा कागद मीही लावून पाहिला होता. आमच्या खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ लेप आहे, तो टीव्हीच्या लहरीही अडवतो. मग माळ्यावर, छपराच्या आतल्या बाजूला, यूएचएफ-व्हीएचएफ दोन्ही पकडणारा काड्यांचा अँटेना टांगला आणि तोंड ईशान्येला मॅनहॅटनकडे केलं. एडिसनपासून ते मनोरे ४० किलोमीटरवर, त्यामुळे सोपं गेलं. फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरोला, नैर्ऋत्येला, ८५-९० किलोमीटरवर. ते त्याच अँटेनाच्या पाठीमागून येत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा लावायचं दरवर्षी ठरतं. मे महिन्यात मागच्या मॅपलला पानं फुटली की दोन चॅनेल रुसतात, ते नोव्हेंबरात परत येतात. ज्यांच्या माळ्यावर चकचकीत फॉइलचं इन्सुलेशन आहे त्यांनी मात्र माळ्याचा नाद सोडावा.

‘सगळे चॅनेल’ म्हणजे काय, हेही एकदा बोललं पाहिजे. हवेतून येतात एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस, काही स्पॅनिश स्टेशनं आणि त्यांचे उपचॅनेल. सीएनएन, ईएसपीएन, एचबीओ हवेत नसतातच. झी मराठीही नाही. ९ जून २०२४ ला भारत-पाकिस्तान सामना न्यूयॉर्कजवळ नासाउ काउंटीत झाला. मैदान ट्रान्समीटरच्या पट्ट्यात होतं, पण सामना विलो या क्रिकेटच्या चॅनेलवर होता, म्हणजे केबल नाहीतर स्ट्रीमिंग. अँटेनावाले आम्ही त्या दिवशी एका मित्राकडे जाऊन बसलो.

केबल कंपन्या लपवतात म्हणावं, तर अँटेना दुकानात उघड मिळतो. उलट २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली ती अशाच फसव्या जाहिराती करणाऱ्या एका अँटेना विक्रेत्यावर.

सोसायटीचा मुद्दा अर्धा खरा. एफसीसीच्या १९९६ च्या नियमाने एचओए (म्हणजे इथली घरमालकांची सोसायटी) किंवा भाड्याच्या घराचे मालक अँटेनावर सरसकट बंदी घालू शकत नाहीत, पण फक्त तुमच्या एकट्याच्या वापरातल्या जागेत: तुमची बाल्कनी, तुमचं अंगण, तुमच्या मालकीचं छप्पर. अपार्टमेंटची सामाईक गच्ची किंवा बाहेरची भिंत त्यात येत नाही. हा मजकूर वाचून सामाईक भिंतीला भोकं पाडलीत तर दंडाची चिठ्ठी येईल, आणि ती बरोबर असेल.

राहिलं ‘भारतातही चालतो’. इथला ट्यूनरचा डबा तिथे नेऊन काहीच उपयोग नाही, कारण दूरदर्शनची जमिनीवरची डिजिटल पद्धत डीव्हीबी-टी२ आहे, इथली एटीएससी. दूरदर्शनने ती २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबाद अशा १६ शहरांत सुरू केली. मोजक्या चॅनेलांसाठी. जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर थोडे वगळून २०२२ पर्यंत बंद होत गेले. मुख्य म्हणजे जमिनीवरून टीव्ही पाठवायची मुभा तिथे खासगी चॅनेलांना नाहीच. तेव्हा काचेला कागद लावून साताऱ्यात मराठी मालिका दिसतील, हे विसरा.

फुकटचं तिथे आहे ते डीडी फ्री डिश, २००४ पासून. जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेला. डिश आणि डबा एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री आहे, आणि लिलावात जागा घेतलेले काही खासगी चॅनेलही. माझ्या आईच्या गच्चीवर ती छत्री आग्नेयेला तोंड करून बरीच वर्षं उभी आहे. आषाढात धो धो कोसळायला लागलं की चित्र जातं. मग ती रेडिओ लावते.