गाडी आहे ना? मग ये उद्यापासून!

आज सकाळी भाच्याला जळगावहून फोन आला. प्लॉट विकणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात काम. पगार नाही, फक्त कमिशन. विचारलं काय, तर 'गाडी आहे ना? स्मार्टफोन आहे ना? मग ये उद्यापासून.' ताई पेढे आणायला निघाली होती. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

आमच्या नानांना प्लॉट दाखवायला असाच एक पोरगा आला होता. कपाशीचे पैसे नुकतेच हातात आलेले. भर उन्हात त्याने चुन्याच्या रेघा दाखवल्या, 'बाबा, एनए झालंय' म्हणाला, म्हणजे शेतजमीन बिगरशेती झाली. नानांनी २ लाख इसार दिला. एनए झालेलंच नव्हतं. ऑफिसात गेलो तर मालक म्हणतो, तो पोरगा आमचा नाहीच! पावतीवर सही पोराची, रेराचा (घर-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर कुणाचाच नाही.

अरे, रेराचा २०१६ चा कायदा आहे! नोंदणी नसलेल्या एजंटने रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकायचाच नाही. विकला तर दिवसाला १० हजार दंड, प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षासुद्धा सक्तीची केली. आणि आमच्याकडे? नंबर मालकाचा, भिंतीवर फ्रेममध्ये. गिऱ्हाइकासमोर शब्द देतो तो मात्र कालचा पोरगा. ज्याच्या तोंडावर आपण पैसे मोजतो, त्याच्याकडेच कागद नको?

एकट्या-दुकट्या दलालाला फी आणि परीक्षा जड जाते, मान्य. नानांना २ लाख हलके होते का?

त्या पोरावरचा राग मात्र ओसरलाय. विशीतला असेल. मालकाने पढवलं तेच तो बोलला. एनए म्हणजे काय हे त्याला तरी कुणी शिकवलं होतं? नंतर घरी येऊन रडला, त्याचंही कमिशन बुडालं होतं. नानांनी त्याला चहा पाजला. 'पोऱ्यानी काय चूक से?' एवढंच म्हणाले. ती पावती अजून त्यांच्या पासबुकात घडी घालून ठेवलेली आहे.

उद्या भाच्याच्या सहीची अशीच पावती कुणाच्या तरी पासबुकात असेल, आणि मालक म्हणेल, हा आमचा नाहीच.

म्हणून ताईला आत्ता फोन लावायला लावला. प्रशिक्षण देणार का, परीक्षेला बसवणार का, नेमणुकीचं पत्र देणार का, एवढंच विचारायला सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, 'ते बघू नंतर, आधी दोन गिऱ्हाइकं आणू द्या.'

ताईने फोन ठेवला. भाचा अजून माझ्याशी बोलत नाही.