टायरच्या हवेचा दिवा: खुलासा

'खाऱ्या हवेने सेन्सर बिघडतात, टायरचा पिवळा दिवा लागला तरी गाडी दामटा' असा मेसेज रत्नागिरी-देवगडच्या पिकअपवाल्यांत फिरतोय. हे धोक्याचं आहे. टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर हा दिवा लागतो. तापमान ६ अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआय खरोखरच घटतो. पहाटे लागलेला दिवा ऊन चढल्यावर विझतो तो त्यामुळेच, पण हवा काठावर होती हे खरंच. रिकाम्या हौद्याला हादरे बसतात म्हणून मागची हवा काढली तरी तो लागणार, आणि पेट्या भरल्यावर तेवढी हवा पुरत नाही! बहुतेक गाड्यांत सेन्सरचाच बिघाड असेल तर दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर होतो. नुसताच स्थिर असेल तर टायर थंड असताना गेज लावून हवा मोजा, भरल्या गाडीने घाट उतरण्याआधी तरी.