वीस मुलांच्या शाळेचा हिशेब

मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. जिल्हा परिषदेच्या वीस मुलांच्या शाळेत दोन शिक्षक पोसणे ही उधळपट्टी आहे. अशा शाळा बंद करून मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यावे. खासगी शाळा याहून कमी पैशांत चालतात. आणि निधी सगळ्या जिल्ह्यांना सारखाच मिळत असताना विदर्भाने तक्रार करू नये, असे त्यात म्हटले आहे. आमच्या भागातील शिकलेली, सज्जन माणसेही तो पुढे पाठवतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान उधळपट्टीचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. त्यामुळे साठ मुलांच्या शाळेच्या तुलनेत वीस मुलांच्या शाळेत पगाराचा दरडोई खर्च तिप्पट दिसतो, हे खरे आहे. परंतु ती मुले वीसच का आहेत, हे संदेश विचारत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहत होती, तर गडचिरोलीत ७४. जंगलातील टोल्यावर किंवा यवतमाळच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, घरेच मोजकी असतात. तिथे पट साठावर न्यायचा म्हटले तरी मुले आणायची कुठून? पहिली ते चौथीचे चार वर्ग दोन शिक्षक एकत्र शिकवतात आणि त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकावर येतात. घरी गोंडी, माडिया, कोलामी किंवा कोरकू बोलणारे मूल पहिलीत बसले की त्याला मराठी ही नवी भाषा असते. अशा मुलांना शिकवायला दोन माणसे जास्त आहेत, असे म्हणणाऱ्याने एक आठवडा तो वर्ग सांभाळून पाहावा.

पगार वगळला तर शाळेच्या हातात काय राहते, हा खरा प्रश्न आहे आणि संदेश नेमका तिथेच गप्प आहे. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० मुलांना २५ हजार. या रकमेतून वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतेचा खर्च भागवायचा असतो. दहा हजार म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाहीत. पट ३१ असेल तर मुलामागे सुमारे ८०६ रुपये पडतात आणि एक मूल कमी झाले की ३३३. दिवाळीनंतर एखादे कुटुंब वीटभट्टीवर किंवा परजिल्ह्यात कामाला गेले आणि त्याचे मूल पटावरून उतरले, तर शाळेचे १५ हजार रुपये जाऊ शकतात. गरिबीमुळेच पट घटतो आणि पट घटला म्हणून गरिबांच्याच शाळेचा निधी कापला जातो. अगदी दहा मुलांच्या शाळेत दरडोई रक्कम मोठ्या शाळेपेक्षा जास्त दिसते, हे मी नाकारत नाही. पण गळके छत आणि विजेचे मीटर यांचा खर्च मुलांची संख्या पाहून कमी होत नाही. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबल्या. त्या वेळी चंद्रपूर-नागपूरकडे पारा कुठे असतो, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. बिल थकून वीज तोडलेल्या शाळेत मुलांनी त्या उन्हात पेपर लिहायचे असतात.

मुलांना गाडीने नेण्याचा उपाय कागदावर सोपा दिसतो. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा त्या राज्यात १४ हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार निघाली. पुढच्या वर्षी समूह शाळांची, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करून एकच मोठी शाळा चालवण्याची, कल्पना आली. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत मात्र प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे, आणि त्याला कारण आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो; मेळघाटातील घाटरस्ते पावसात कसे होतात, ते एसटीच्या चालकाला विचारावे. आठवीपुढील मुलींसाठी शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसचा उपयोग झाला आहे, पण सहा वर्षांच्या लेकराला पहाटे उठवून घाटातून पाठवणारी आई मी अजून पाहिलेली नाही. ती त्याला घरी ठेवते किंवा सोबत शेतात नेते.

खासगी शाळांविषयी थोडक्यात. अनुदानित खासगी शाळांच्या शिक्षकांचे पगार शासनाच्याच तिजोरीतून होतात आणि शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांवरील मुलांच्या फीची प्रतिपूर्तीही शासनच देते. विनाअनुदानित शाळा स्वस्त वाटते, कारण तिथे शिक्षकाला अत्यल्प पगार मिळतो आणि बाकीचा भार पालकांच्या फीवर असतो. तीस घरांच्या पोडावर अशी शाळा काढायला कोणी आल्याचे मला ठाऊक नाही.

काही शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत आणि उशिरा येतात, ही तक्रार खरी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत बसून मीही ती केली आहे. परंतु त्याला उत्तर म्हणजे शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरून नियमित तपासणी करणे. शिक्षकाच्या चुकीसाठी मुलांची शाळाच काढून घेणे न्याय्य नाही.

शेवटी समान निधीचे विधान. असमान पातळीवर उभ्या असलेल्यांना सारखे वाटप केले तर अंतर तसेच राहते, हे महाराष्ट्राने स्वतःच मान्य केलेले आहे. दांडेकर समितीने १९८३-८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, मोजला तेव्हा सिंचन आणि रस्त्यांबरोबर सामान्य शिक्षणाचाही अनुशेष मोजला होता. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाच्या आधारे स्थापन झालेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, पण मुदत संपल्याने अनुशेष संपत नाही.

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. पट काहीही असो, प्रत्येक शाळेला वीज, पाणी आणि दुरुस्तीपुरती किमान रक्कम मिळावी आणि दरडोई अनुदान त्यावर वेगळे द्यावे. आदिवासी भाषेतील मुले, स्थलांतर आणि दुर्गमता यांसाठी वाढीव वाटा असावा. वीजबिल शासनाने परस्पर भरावे. स्थलांतरित पालकांच्या मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा निधी कुटुंबे गाव सोडण्याआधी, म्हणजे दिवाळीपूर्वी, गावात पोहोचावा. आणि स्थलांतरित मूल होळीनंतर परत येईपर्यंत त्याचे नाव पटावर मोजले जावे.