भाचेबुवा, लिबी तुरुंग म्हणजे धर्मशाळा नव्हती

माझा भाचा अमेरिकेत रिचमंडला असतो. रविवारी त्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, ताईने तो न वाचता भिशीच्या ग्रुपवर ढकलला, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. म्हणणं असं: अमेरिकन यादवीत रिचमंड ही दक्षिणेची राजधानी, तिथे उत्तरेचे युद्धकैदी मजेत होते, स्वतःचा पेपर काढायचे, पहारेकऱ्यांइतकंच खायचे, आणि जे मेले ते उत्तरेचा सेनापती ग्रँट याने कैद्यांची अदलाबदल थांबवली म्हणून.

पेपर काढायचे, खरंय. रिचमंडच्या लिबी तुरुंगात, म्हणजे नदीकाठच्या एका गोदामात, हजारावर ऑफिसर कोंबलेले, वेळ जाईना म्हणून हाताने लिहून मोठ्याने वाचायचे. पण एवढी मजा होती तर फेब्रुवारी १८६४ मध्ये १०९ जण उंदरांनी भरलेल्या तळघरातून भुयार खणून का पळाले? पुढच्याच महिन्यात उत्तरेचं घोडदळ शहराजवळ आलं तर तुरुंगाखाली बंदुकीची दारू पेरून ठेवली, कैदी सुटायला लागले तर उडवायचे म्हणून. पाहुण्यांच्या खोलीखाली सुरुंग लावतात का हो? साधे शिपाई तर समोर बेल आयलंडवर, भर थंडीत, पुरेसे तंबूही नाहीत, त्यांचं नावच नाही फॉरवर्डमध्ये.

खाण्याचं अर्धं मान्य, शहरातच टंचाई होती, एप्रिल १८६३ मध्ये रिचमंडच्याच बायकांनी ब्रेडसाठी दुकानं फोडली होती. पुढे.

डोकं फिरलं ते ग्रँटवाल्या वाक्याने. अदलाबदलीचा करार जुलै १८६२ चा. उत्तरेने काळे सैनिक घ्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने हुकूम काढला की हत्यारासकट सापडलेले गुलाम युद्धकैदी नाहीत, त्यांना त्यांच्या राज्याकडे द्या. म्हणजे परत गुलामी नाहीतर फास. यावरूनच १८६३ मध्ये करार मोडला, तेव्हा ग्रँट सरसेनापती झालासुद्धा नव्हता, तो झाला मार्च १८६४ ला! सुटलेले दक्षिणी परत बंदूक धरतात हा हिशोब त्याने नंतर केला, तेही ऑगस्टच्या पत्रात आहे, नाकारत नाही. पण ऑक्टोबर १८६४ ची दक्षिणेचा सेनापती ली आणि ग्रँट यांची पत्रं वाचा, सरकारी कागदपत्रांत छापलेली आहेत. ली म्हणाला कैदी बदलू. ग्रँटने विचारलं, काळे सैनिक गोऱ्यांसारखेच परत देणार का? लीचं उत्तर, आमच्या नागरिकांच्या मालकीचे निग्रो अदलाबदलीत धरत नाही. विषय तिथेच संपला.

आता कोणी एल्मायरा काढेल. उत्तरेच्या त्या छावणीत जवळजवळ ३००० दक्षिणी मेले, ती लाज उत्तरेचीच, त्यावर वेगळा फॉरवर्ड काढा, मीच पुढे पाठवतो.