इथे म्हणजे नक्की कुठे?

चित्राची फाइल सापडली नाही तर वस्तू भडक गुलाबी दिसावी, ही सोय माझ्या प्लगइनमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या जोडप्रोग्रॅममध्ये, मीच करून ठेवली होती. लांबूनही दिसावं, दुर्लक्ष होऊ नये म्हणून. गेले तीन दिवस माझी विटांची भिंत गुलाबी होती आणि दुर्लक्ष खरोखरच होत नव्हतं.

टेक्स्चर, म्हणजे भिंतीवर चढवायचं विटांचं चित्र, फोल्डरात आहे, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. प्लगइन म्हणे, नाहीच. आधी एक्स्टेंशन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट, तपासलं. विंडोज ते लपवून ठेवतं, त्यामुळे मी 'पीएनजी' समजत होतो ती फाइल 'पीएनजी.पीएनजी' निघाली. सुधारली. भिंत गुलाबीच.

मग नजर गेली फाइलच्या पत्त्यात फोल्डरांच्या नावांमध्ये येणाऱ्या उलट्या तिरक्या रेघेकडे. मी कोड लिहितो त्या सी प्लस प्लस भाषेत त्या रेघेपुढे 'टी' आला की दोघांचा मिळून टॅब होतो. आणि माझ्या फोल्डरचं नाव 'टेक्स्चर्स'! म्हणजे बिचारं प्लगइन इतके दिवस एक टॅब आणि त्यापुढे 'एक्स्चर्स' असलं काहीतरी शोधत होतं. १९८३ साली विंडोजच्या आधीच्या डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा सरळ तिरकी रेघ दुसऱ्या कामाला लागलेली होती, म्हणून इथे उलटी आली. त्या वाटणीचा भुर्दंड मी आज भरतोय.

रेघा सरळ केल्या. माझ्या छोट्या चाचणी प्रोग्रॅममध्ये विटा दिसल्या! मूळ सॉफ्टवेअरमध्ये मात्र गुलाबी. मधूनच विटा, पुन्हा गुलाबी. कायम चुकणारा कोड परवडला. हा लहरी कोड माणसाला नवस बोलायला लावतो.

शेवटी प्रोसेस मॉनिटर लावला. कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल कुठे शोधतो, याची तो ओळ न ओळ दाखवतो. बघतो तर काय, माझं प्लगइन माझ्या जुन्या बायोडेटांच्या फोल्डरात विटा शोधत होतं.

मी पत्ता दिला होता 'इथून पुढे टेक्स्चर्स'. पण प्लगइन पडलं पोटभाडेकरू. त्याचं 'इथे' म्हणजे मूळ सॉफ्टवेअरचं चालू फोल्डर. आणि फाइल उघडायची खिडकी वापरली की ते फोल्डरही बदलू शकतं. मी सकाळी त्याच खिडकीतून बायोडेटा चाळले होते. (नोकरी बदलावी का, हा विचार मनात आला होता. कारण सांगायला नको.)

तेव्हा ठरवलं, विंडोजलाच आपला पत्ता विचारू. 'गेटमॉड्यूलफाइलनेम'ला हाक मारली, हँडलच्या, म्हणजे कोणाचा पत्ता हवा ते सांगणाऱ्या खुणेच्या, जागी 'नल' (काहीच नाही) दिलं. उत्तर आलं घरमालकाचं! स्वतःचं नाव न सांगता पत्ता विचारला, तर मुख्य प्रोग्रॅमचाच मिळतो. मग प्लगइनचं स्वतःचं हँडल दिलं, त्यावरून पूर्ण पत्ता जुळवला, श्वास रोखून भिंतीकडे पाहिलं.

भिंत काळी.

मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सहकाऱ्याने मान वर केली. "काय रे, झालं का?"

"काळी झाली!"

"मग नाचतोस काय?"

आता त्याला काय सांगू? गुलाबी म्हणजे फाइल नाही. काळी म्हणजे फाइल आली, फक्त मिपमॅप, म्हणजे त्याच चित्राच्या लहान लहान होत जाणाऱ्या प्रती, बनवायचे राहिले. पडद्यावर चित्र काढून देणारं ओपनजीएल ते असतील असं धरून चालतं, आणि नसले की टेक्स्चर अपूर्ण ठरवून काळं फासतं. तो पडद्याकडे पाहत म्हणाला, "गुलाबी बरी दिसत होती."