ओबामांचे हात खरंच बांधलेले होते का?

बराक ओबामांचा विषय निघाला की मराठी ग्रुपांवर एक पोस्ट हमखास फिरते. मजकूर थोडक्यात असा : २००८ च्या आर्थिक संकटात बुडणारा देश त्यांनी वाचवला, बँकांना दिलेला पैसा व्याजासकट वसूल केला, गरिबांना आरोग्य विमा दिला, जे राहिलं ते रिपब्लिकनांनी हात बांधले म्हणून. डावे टीका करतात तो कृतघ्नपणा. मी डाव्या विचाराचा माणूस आहे. २००८ साली ज्यांनी ओबामांवर जीव टाकला त्यांच्यातल्याच कितीतरी जणांची घरं पुढच्या काही वर्षांत गेली, म्हणून या पोस्टला उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी ‘हात बांधले’ याबद्दल. जानेवारी २००९ मध्ये ओबामा आले तेव्हा प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे २५७ सदस्य होते. सिनेट या वरच्या सभागृहातही भक्कम बहुमत होतं, मध्ये काही महिने तर साठ मतं, म्हणजे विरोधकांना विधेयक रोखून धरता येऊ नये इतकी. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृह हातचं गेलं आणि त्यानंतरची अडवणूक खरी आहे, ती नाकारत नाही. पण माझा मुख्य आक्षेप ज्या कामाबद्दल आहे, त्याला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, नवी परवानगी लागतच नव्हती.

ते काम म्हणजे घरकर्ज. बँका बुडू नयेत म्हणून ७०० अब्ज डॉलरचा बचाव निधी आधीचे अध्यक्ष बुश यांच्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्येच मंजूर झाला होता. त्यातून घरमालकांना मदत करायची योजना ओबामांनी फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर केली. ३० ते ४० लाख कुटुंबांचे हप्ते कमी करून त्यांची घरं वाचवायची, असं ठरलं. नियम अर्थखात्याने केले, करार अर्थखात्याने केले, पैसाही अर्थखात्याच्याच हातात. २०१० संपलं तेव्हा कायमची फेररचना झालेली कर्जं सहा लाखांच्याही आत होती.

असं का झालं, हे एका अर्जाच्या प्रवासात दिसतं. कर्जदाराने पगाराच्या पावत्या, कराचे कागद, बँकेचे उतारे फॅक्स करायचे. काही आठवड्यांनी निरोप यायचा की कागद मिळाले नाहीत, पुन्हा पाठवा. पाठवले की पहिले कागद जुने झालेले असायचे. मग तीन महिने कमी हप्त्याची ‘चाचणी’. ती अनेकांच्या बाबतीत सहा-आठ महिने लांबायची आणि शेवटी नकार. नकार आला की आधीच्या महिन्यांतला कमी भरलेला फरक दंडासकट एकदम मागायचा. आणि या सगळ्या काळात त्याच कंपनीच्या दुसऱ्या टेबलावर त्याच घराच्या जप्तीची फाइल पुढे सरकत असायची. सांगितलेले हप्ते इमानाने भरणारी माणसं अशी रस्त्यावर आली. कर्जवसुली करणाऱ्या या कंपन्यांना जप्तीतून शुल्क मिळत होतं, त्यामुळे घर वाचवण्यात त्यांना फारसा रस नव्हता. अर्थखातं त्यांना वेळीच वठणीवर आणू शकलं असतं. बचाव निधीवर देखरेख ठेवणारे नील बारोफ्स्की यांनी पुढे लिहिलं की अर्थमंत्री गाइटनर यांना या योजनेचा उपयोग बँकांना जप्त्या सावकाश पचवता याव्यात यासाठी दिसत होता. हे वाचल्यावर ‘हात बांधले’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

दुसरा मार्गही होता. अमेरिकेत दिवाळखोरी कोर्टातला न्यायाधीश सुट्टीत राहायच्या दुसऱ्या घराचं कर्ज कमी करू शकतो, पण राहत्या घराचं नाही. हा कायदा बदलू, असं ओबामा प्रचारात म्हणाले होते. ३० एप्रिल २००९ ला सिनेटमध्ये मतदान झालं, ४५ विरुद्ध ५१ ने प्रस्ताव पडला. विरोधात त्यांच्याच पक्षाचे बारा सिनेटर होते. आरोग्य विम्यासाठी व्हाइट हाउसने एकेक मत जमवलं, या विधेयकासाठी तशी धडपड केली नाही.

बँकांचा पैसा परत आला, हे खरं आहे. घरं मात्र परत आली नाहीत.

‘बँकवाल्यांनी कायदा मोडलाच नव्हता तर तुरुंगात कोणाला टाकणार?’ हाही मुद्दा पोस्टच्या खाली हटकून येतो. जप्तीची प्रतिज्ञापत्रं न वाचता, महिन्याला हजारोंच्या संख्येने सह्या करून कोर्टात दिली गेली, हे २०१० मध्ये उघड झालं. कोर्टापुढे खोटं शपथेवर सांगणं हा गुन्हा नाही तर काय? याच प्रकरणी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि घर गेलेल्या माणसाच्या हातात साधारण दीड हजार डॉलरचा चेक पडला. एवढ्यात दोन महिन्यांचं भाडंही भागलं नसेल. कोणत्याही मोठ्या बँकेचा प्रमुख आरोपी झाला नाही. खटला भरायचा की नाही हे न्याय खातं ठरवतं, काँग्रेस नाही.

आरोग्य विम्याचं श्रेय मी मनापासून देतो. सुमारे दोन कोटी माणसांना संरक्षण मिळालं, आधीपासून आजारी असलेल्यांना विमा नाकारणं बंद झालं. सरकारी विम्याचा पर्याय सिनेटमध्ये अडला, तिथे अडचण खरी होती.

पण ड्रोन हल्ल्यांचे आदेश त्यांचेच होते. युद्धक्षेत्राबाहेरच्या ४७३ हल्ल्यांत ६४ ते ११६ निरपराध मेले, हा २०१६ मधला त्यांच्याच सरकारचा आकडा. स्वतंत्रपणे मोजणाऱ्यांचे आकडे याहून बरेच मोठे आहेत.

राहता राहिलं ‘दुसरं कोणी असतं तरी हेच झालं असतं’. १९३३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी याच देशात एक सरकारी महामंडळ काढलं. त्याने थकलेली घरकर्जं बँकांकडून स्वतःकडे घेतली, मुदत लांबवली, व्याज कमी केलं. तीन वर्षांत सुमारे दहा लाख कर्जं. त्या महामंडळाने काळ्या वस्त्यांना धोक्याच्या ठरवणारे नकाशे केले, तो डाग आहेच. पण घरं वाचली, आणि १९५१ मध्ये कारभार गुंडाळला तेव्हा सरकारच्या पदरात थोडा नफाच पडला होता.